अकरावा प्रश्न, माइकवर

९ मार्च २०२४, शनिवार

उद्याच्या भाषणाची सुरुवात जमली. इथेच उतरवून ठेवते.

"उंद्रीच्या बायांनो! तुमच्या घरच्या बैलाच्या कानात विम्याचा बिल्ला आहे. दारातल्या ट्रॅक्टरचा विमा आहे. सोयाबीनचा विमा आहे. मग पहाटे पाचला उठून रात्री दहाला पाठ टेकवणाऱ्या बाईच्या नावाचा कागद कुठे आहे? ताप आला तर आपण अंगावर काढतो. पोटात दुखलं तर पदर घट्ट खोचतो. आणि अगदीच आडव्या पडलो, तर दवाखान्यात न्यायच्या आधी घरात चर्चा होते की सांजच्या भाकरी कोण टाकील. घरातलं एकच ढोर बिनविम्याचं आहे, आणि ते आपण आहोत!"

'ढोर' शब्दाला टाळ्या पडतील. हे म्हणाले, "जरा सौम्य घे." सौम्य बोलून कोणाला काय मिळालं? वाचनालयातली दोन कपाटं मी वाचून काढली. काहीतरी बदलून दाखवलेला एकही माणूस त्यात सौम्य निघाला नाही.

गजेंद्रचा फोन आला होता. माझ्या भावाचा मुलगा, चिखलीला आरोग्य विम्याचा एजंट आहे. म्हणतो, "आत्या, तीस फॉर्म झाले तरी लय झालं."

मी म्हटलं, "पन्नासच्या खाली ऐकणार नाही. बचत गटांच्या ग्रामसंघाची अध्यक्ष म्हणून मी शब्द दिला आहे. आणि एक सांगून ठेवते, एकही अर्ज परत आला नाही पाहिजे. गावात माझी मान खाली गेली तर तुझ्या दारात पाय ठेवणार नाही."

"टेन्शन नका घेऊ आत्या. मी पाहून घेतो."

पोरगा गुणाचा आहे.

१० मार्च, रविवार

फत्ते! त्रेपन्न अर्ज.

मारुतीच्या सभामंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. बाया आत, पुरुष बाहेर ओट्यावर. भाषण पंचवीस मिनिटं झालं. 'ढोर'ला टाळ्या पडल्याच. मध्ये मी आपल्या गावातल्याच एका बहिणीचं उदाहरण दिलं, तीन वेळा पोट वाया गेलं आणि तिन्ही वेळा चौथ्या दिवशी ती शेतात निंदायला गेली. नाव अर्थातच घेतलं नाही. बायांच्या डोळ्यांना पदर लागले. रुख्मिणी मात्र मध्येच उठून गेली. म्हशीची धार काढायची वेळ झाली असेल.

मग अडचण आली. गजेंद्रकडे टॅब एकच. एका अर्जाला वीस मिनिटं लागतात, म्हणजे त्रेपन्न बायांना दोन दिवस. बाया चुळबुळ करायला लागल्या, दोघी-तिघींनी चपला शोधायला घेतल्या. अशा वेळी माझं डोकं चालतं. मी म्हटलं, "गजेंद्र, प्रश्न माझ्याकडे दे. मी माइकवरून सगळ्यांना एकदम विचारते. तू फक्त नावं भरत जा."

नाव, वय, वारस, सगळं भराभर झालं. अकरावा प्रश्न आजारांचा. तो मी दोनदा वाचला, कारण माझं वाचन स्पष्ट आहे हे माझे वैरीही मान्य करतात. "बीपी, शुगर, दमा, टीबी, मिरगी, हृदयाचा आजार, कॅन्सर, पिशवीचं ऑपरेशन. यातलं काही असेल, गोळ्या किंवा इंजेक्शन चालू असेल, तर तिनं हात वर करावा."

एकच हात वर. मनकर्णाबाईचा.

"मले शुगर हाय, बाई. लिवून घे."

"कधीपासून?"

"नातू झाला तवापासून. पेढे लय खाल्ले."

सगळ्या हसल्या. गजेंद्र खालच्या आवाजात म्हणाला, "आजी, हप्ता वाढीन तुमचा. आन शुगरच्या दुखण्याले तीन वर्षं काही भेटनार नाही."

"वाढू दे. लिव म्हनलं ना बे!"

बाकी बावन्न बायांत एक हात नाही. किती निरोगी आहे माझं गाव! मी माइकवर म्हटलंही, "ही ज्वारीच्या भाकरीची पुण्याई आहे!" पुन्हा टाळ्या. मग मोबाइलवर सहा आकडे आले, ते एकेकीनं गजेंद्रला सांगितले. आता सही म्हणजे ते सहा आकडे. अंगठ्यापासून इथवर आपल्या बाया आल्या, याचा मला अभिमान वाटला.

माझी धाकटी जाऊ छाया शेवटी बराच वेळ गजेंद्रपाशी कोपऱ्यात उभी होती, पदर तोंडाला लावून. हप्त्याचंच विचारत असणार. तिचा जीव पैशात फार अडकतो.

१४ मार्च, गुरुवार

छाया आज पुन्हा शेगावला. खामगावला बस बदलायची, एवढ्या उन्हात. तिची आणि माझी चूल वेगळी, पण आवार एक, त्यामुळे कोण कधी निघालं ते दिसतंच. दर तिसऱ्या आठवड्याला गुरुवार ठरलेला.

मी विचारलं, "काय गं छाया, महाराज हजेरी घेतात का तुझी?"

हसली. "घेतेत ना जाऊबाई. खाडा केला तं रागावतेत."

संध्याकाळी लंगडत आली. रांगेत उभं राहून पाय आखडला म्हणे. मी तिला अंधश्रद्धेवरचं पुस्तक दिलं. तिनं ते डोक्याला लावून फडताळात ठेवलं. अशा माणसांशी बोलावं तरी काय?

६ एप्रिल

पॉलिसीची पाकिटं आली. मंडपात वाटली, फोटो काढले. एकीनंही पाकीट फोडलं नाही. हळदकुंकू वाहून पेटीत, लग्नाच्या शालूखाली. मी रागावले, पण फोटो छान आले.

१९ सप्टेंबर, गुरुवार

मनकर्णाबाई डेंगीनं चिखलीच्या दवाखान्यात पाच दिवस होती. शुगरही वर-खाली झाली. कंपनीनं मुकाट्यानं बिल भरलं. ती घरी आल्यावर मी तिच्या दारात जाऊन सगळ्यांसमोर म्हटलं, "पाहा, कागदाची ताकद!"

म्हातारी म्हणाली, "कागदाची नाई बाई. त्या दवाखान्यातल्या पोरीनं इचारलं, शुगर लिवली व्हती काय? म्या म्हनलं हाव. तिनं पाह्यलं, व्हती. बस."

छाया आज शेगावला. बोलून उपयोग नाही.

४ ऑक्टोबर

सोयाबीनची सोंगणी. छाया सारखी मागे पडत होती. कापणीची पात सोडून बांधावर, धुऱ्यावर जाऊन बसायची. मी म्हटलं, "उपास-तापास सोड. अंगात रक्त नाही तुझ्या."

"दम लागून राह्यला, जाऊबाई."

"तेच म्हणते मी."

१ डिसेंबर, रविवार

काजलला पाहायला धाडचे पाहुणे आले होते. काजल म्हणजे छायाची थोरली. मुलगा कृषी केंद्र चालवतो, बोलायला साधा. मंडळींनी पोहे खाल्ले, होकाराच्या वाटेवर वाटले. गाडी वेशीपर्यंत गेली नसेल, तोच छाया चुलीपुढे कोसळली. ओठ निळे. बसता येईना, निजता येईना, तोंडाला फेस. अविनाशनं, माझ्या दिरानं, तिला उचलून जीपमध्ये घातलं. मीही बसले. आता रस्त्यात जालन्याच्या पुढे आहोत. तिचा हात माझ्या हातात आहे, त्यामुळे अक्षर वाकडं येतंय.

भीती वाटते. पण विमा आहे. देव न मानणारी मी, आज त्या पाकिटाचा धावा करते आहे.

२ डिसेंबर, संभाजीनगर

आजचा दिवस जसा घडला तसा लिहिते, सजवून नाही.

मोठा दवाखाना, नाव लिहीत नाही. रात्रीत तिच्या छातीतलं पाणी उतरवलं. सकाळी डॉक्टर पडद्याआड आले. मी पडद्याबाहेर डबा घेऊन उभी होते. डॉक्टरांनी अविनाशला विचारलं, "आधीपासून काय काय आहे? लपवू नका, भूल द्यायची असते, जिवावर बेतेल."

अविनाश बोलायला लागला. मला वाटलं कोणी परकाच माणूस बोलतोय. छायाला चौदाव्या वर्षी सांध्यांचा ताप आला होता. त्यातून हृदयाची झडप आखडली. तेव्हापासून दर एकवीस दिवसांनी कमरेत पेनिसिलिनचं इंजेक्शन. "शेगावले एक डॉक्टर हायेत, माहेरच्या वळखीचे. तिथंच घेते. एकबी चुकोलं नाई साहेब. लग्नाले बावीस वर्षं झाले."

डॉक्टर म्हणाले, "म्हणून तर इतकी वर्षं निघाली. हिनं फार शिस्तीनं घेतलंय. पण आता झडप बदलावी लागेल."

बावीस वर्षं. एक आवार. एक विहीर. मी तिच्या दोन्ही बाळंतपणांत उशाशी बसले आहे. तिच्या लंगडण्यावर मी जन्मभर हसले, आणि ती इंजेक्शन घेऊन येत होती. सांगता नसतं आलं तिला? मी काय परकी होते?

डबा तसाच घेऊन खाली आले. भाजी आंबली.

५ डिसेंबर

कंपनीचं पत्र आलं. "अर्जदाराने पूर्वीचा आजार व चालू उपचार प्रस्तावात जाहीर केलेले नाहीत. सबब दावा नामंजूर. पॉलिसी रद्द करण्यात येत आहे."

मी दवाखान्यातल्या विम्याच्या खिडकीपाशी उभी राहून बोलले. वीस मिनिटं बोलले. रांगेतली माणसं माझ्याकडे वळली, एक दोघांनी "बरोबर आहे बाई" म्हटलं. लुटारू म्हटलं, हप्ता घेताना हात पुढे आणि देताना पाठ म्हटलं. खिडकीतली मुलगी शांतपणे ऐकत होती. मी श्वास घ्यायला थांबले तेव्हा तिनं कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला.

"मॅडम, प्रश्न अकरा. 'नाही' लिहिलंय. ओटीपी पण दिलाय. आम्ही काय करणार?"

पडद्यावर तो प्रश्न होता. मी दोनदा वाचलेला. शब्दन् शब्द.

कंपनीनं फसवलं नाही. छायानं फसवलं. मी तिच्यासाठी गावाला उभं केलं आणि तिनं त्या गावासमोर, माझ्यासमोर, हात खाली ठेवला. आता बिलाचा आकडा भिंतीसारखा उभा आहे, आणि तिची झडप त्याच्या पलीकडे. डॉक्टर म्हणतात, गोळ्यांवर महिनाभर निभेल. त्याच्या पुढचं मी सांगत नाही.

६ डिसेंबर

आज तिच्याशी बोलले नाही. तिनं पाणी मागितलं, ते काजलनं दिलं.

७ डिसेंबर, उंद्री

एका रात्रीसाठी घरी आले, कपडे न्यायला.

ह्यांना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाले, "हो."

"कधीपासून?"

"काजलच्या वेळंपासून. अव्यानं सांगतलं होतं."

सासूबाईंना माहीत होतं. काजलला दहावीपासून माहीत होतं. शेजारच्या मनकर्णाबाईला माहीत होतं, तीच कधी कधी बसपर्यंत सोडायला जायची. आवारातल्या कुत्र्याला तेवढं माहीत नसेल, आणि मला.

मी ओरडले. "मलाच काऊन नाही सांगितलं? मी तिची शत्रू आहे का?"

हे जेवत होते. ताटावरून मान वर केली नाही. "तुले सांगतलं म्हंजे माईकले सांगतलं, सुचिता."

"काय म्हणता?"

"रुख्मिणीचं काय केलं तू?"

"मी नाव घेतलं नव्हतं!"

"गावात तीनदा पोट वाया गेलेल्या बाया किती हायेत?"

मी ताट उचलून ठेवलं. नाव घेतलं नव्हतं हे खरं आहे. ते चांगल्या कामासाठी होतं, हेही खरं आहे. एका उदाहरणानं त्रेपन्न बायांचं भलं होत असेल तर...

वाक्य पुरं होत नाही. झोपते.

८ डिसेंबर

बावीस वर्षं एका आवारातली जाऊ. लग्नाचा नवरा. दोघांनी मिळून मला माझ्याच घरात पाहुणी ठेवलं. लोक मला सभेत खुर्ची देतात, घरात मात्र कोपऱ्यात कुजबुजतात आणि मी आले की विषय बदलतात. किती विषय बदलले असतील माझ्यासमोर!

९ डिसेंबर, संभाजीनगर

छाया आज टेकून बसली होती. नाकात नळी. मी ठरवूनच गेले होते की स्पष्ट बोलायचं.

"छाया, तू खोटं का बोललीस? हात वर केला असतास तर हप्ता वाढला असता, काही वर्षं थांबावं लागलं असतं, पण पॉलिसी तरी राहिली असती. मनकर्णाबाईला जमलं ते तुला जमलं नाही?"

ती बोलताना मध्ये मध्ये थांबते, दम लागतो.

"मनकर्णाबाईची पोरगी नांदून राह्यली, जाऊबाई. माह्यी अजून उजवायची हाय. ओट्यावर कोन कोन बसलं होतं, पाह्यलं नाई तुमी? सोयरीक जुळवनारे जानराव बसले होते. मी हात वर केला असता, तं काजलचं लगन तिथंच मोडलं असतं. जुळलं नव्हतं तरी मोडलं असतं."

"म्हणजे लपवलंस."

"नाई." तिनं नळी सरळ केली. "सांगतलं मी. गजेंद्रले. तुमी माईक सोडून हार घ्याले गेल्या तवा. कोपऱ्यात नेऊन सगळं सांगतलं. झडपीचं, इंजेक्शनचं, शेगावच्या डॉक्टरचं बी. म्हनलं, बापू, हे लिवून घे, पन मोठ्यानं नको वाचू."

मला तो कोपरा आठवला. तोंडाला लावलेला पदर.

"मग तो काय म्हणाला?"

"म्हने, मावशी, इंजेक्शनले काय आजार म्हंतेत का? ताकदीचं असन. टेन्शन नका घेऊ."

काजल खिडकीपाशी उभी होती. म्हणाली, "मोठी आई, तुम्ही चार दिवस आईशी बोलल्या नाहीत. तिला झोप येत नाही त्यानं."

मला तिथे बसवलं नाही. बाहेर येऊन जिन्यात बसले.

१० डिसेंबर, चिखली

गजेंद्रच्या घरी सरळ गेले. चहा नको म्हटलं.

"छायानं तुला सांगितलं होतं?"

तो टॅबच्या काचेवरून बोट फिरवत राहिला. "सांगतलं होतं."

"आणि तू 'नाही' लिहिलंस."

"आत्या, झडप लिवली असती तं अर्ज तिथंच परत आला असता. हृदयाच्या आजाराचे तपासण्या मागतेत, दोन महिने जातेत, कधी कधी रिजेक्टच करतेत."

"मग येऊ द्यायचा होता परत!"

त्यानं पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं. "तुमीच म्हनल्या, एकबी अर्ज परत नाई आला पाह्यजे. मान खाली जाईन म्हनल्या. दारात पाय ठेवनार नाई म्हनल्या. मी तुमच्या शब्दाले जागलो, आत्या."

"मी खोटं लिही म्हटलं होतं का?"

"नाई म्हनलं. पन बावन्न बायांत एकीले बी बीपी नाही, हे तुमाले खरं वाटलं व्हतं काय? खरं सांगा. तुमी तं एवढे पुस्तकं वाचले."

माझा भाऊ आतल्या खोलीत होता, बाहेर आला नाही. मला वाटलं होतं, पोरगा रडेल, पाया पडेल. तो वकिलासारखा बोलला. माझ्याच वाक्यानं मला बांधलं. रक्ताचं माणूस! कमिशन त्यानं घेतलं, 'नाही' त्यानं भरलं, आणि आज माझ्याकडे बोट दाखवतो.

बसमध्ये त्याचा प्रश्न डोक्यातून जाईना. मला खरं वाटलं होतं का? मी ज्वारीच्या भाकरीवर टाळ्या घेतल्या. त्या वेळी मनाच्या तळाशी काय होतं, ते आज मला सांगता येत नाही. विचार करायला थांबले नव्हते, एवढंच. टाळ्या चालू होत्या.

१२ डिसेंबर

आता सरळ पुढचं. खासगी दवाखान्यातून छायाला शासकीय योजनेत चालणाऱ्या दवाखान्यात हलवलं. अविनाशनं रेशनकार्ड, आधार, सगळी पळापळ केली. ऑपरेशनची तारीख मिळाली, ६ जानेवारी. तोवर गोळ्या, मीठ बंद, जिना बंद. डॉक्टर म्हणाले, "तोवर पुन्हा पाणी भरलं नाही म्हणजे झालं." हे 'म्हणजे झालं' रोज उशाशी घेऊन झोपायचं आहे.

तिथल्या समाजसेविकेनं सांगितलं, कंपनीकडे तक्रार करा, तिथं नाही झालं तर विमा लोकपालाकडे. अर्जदारानं एजंटला खरं सांगितलं होतं आणि एजंटनं लिहिलं नाही, याचा साक्षीदार असेल तर बाजू उभी राहू शकते. खात्री नाही. "साक्षीदार आहे का कोणी?"

कोपऱ्यातलं बोलणं कोणी ऐकलं नाही. पण १० तारखेला गजेंद्रनं ते माझ्यासमोर कबूल केलं आहे. म्हणजे साक्षीदार मी आहे. मी लिहून दिलं तर त्याचा एजंटचा परवाना जाईल. भावाचं घर माझ्यासाठी बंद होईल. आणि अर्ज कसे भरले गेले हे लिहायचं झालं, तर माइक कोणाच्या हातात होता, तेही लिहावं लागेल.

१३ डिसेंबर

लिहून देणार असल्याचं काल गजेंद्रला कळवलं होतं. आज भावाचा फोन. "बहीण हायस का वैरीन? पोराच्या पोटावर पाय देतं काय?"

मी म्हटलं, "छायाच्या छातीवर कोणाचा पाय आहे, दादा?"

फोन ठेवला त्यानं. वाक्य चांगलं होतं. त्याचा मला आनंद झाला नाही, हे पहिल्यांदाच घडलं.

१४ डिसेंबर, शनिवार

निवेदन लिहिलं. तीन वेळा फाडलं. पहिल्या तीन वेळा ते भाषण झालं होतं. चौथ्या वेळी फक्त घडलेलं लिहिलं: "दिनांक १० मार्च २०२४ रोजी मी, सुचिता ज्ञानेश्वर, ध्वनिक्षेपकावरून आजारांचा प्रश्न सर्व महिलांना एकत्र, पुरुषांच्या उपस्थितीत विचारला. अर्जदार छाया यांनी एजंटला खाजगीत आजार सांगितल्याचे एजंटने माझ्यासमोर मान्य केले. एकही अर्ज परत येऊ नये, अशी ताकीद मी एजंटला आदल्या दिवशी दिली होती."

शेवटचं वाक्य गाळलं तरी चाललं असतं, असं हे म्हणाले. त्यांनी कधी नव्हे ते माझी बाजू घेतली. ठेवलं.

छायाला वाचून दाखवलं, हळू आवाजात. ती म्हणाली, "तुमचं नाव खराब होईन, जाऊबाई."

मी म्हटलं, "तू मला बावीस वर्षं काही सांगितलं नाहीस, याचा राग अजून गेलेला नाही. तो राहू दे. सही कर."

तिनं सही केली. या वेळी आकडे नाहीत, नाव. तिचं अक्षर माझ्याहून वळणदार आहे, हेही मला माहीत नव्हतं.

काजलनं धाडच्या मुलाला फोन करून आईचं सगळं सांगितलं, आम्हाला न विचारता. त्यांचं उत्तर अजून नाही.

१५ डिसेंबर, उंद्री

मनकर्णाबाईच्या ओसरीवर बसले. विचारलं, "खरं सांगा, त्या बावन्नात किती बाया गोळ्या खातात?"

ती शेंगा फोडत होती. "तुले काऊन पाह्यजे?"

"त्यांचं पण छायासारखं होईल."

"होईन तं. पन कोन काय खाते ते मी नाई सांगनार. मले इश्वासानं सांगतलं त्याह्यनं." एक शेंगदाणा माझ्या हातावर ठेवला. "लय हायेत, एवढं समज."

म्हणजे माझ्या गावाचं दुखणं सारं या निरक्षर म्हातारीपाशी ठेवलेलं आहे. मी दोन कपाटं वाचली आणि माझ्यापाशी कोणी एक गोळीही ठेवली नाही. हे मला लागलं. लिहिताना अजून लागतंय.

रुख्मिणीच्या दारावरून आले. ती अंगणात होती. मी थांबले. तिनं पाठ केली नाही, पण ये म्हणाली नाही. मग मी पुढे निघाले.

ग्रामसंघाच्या मुलींनी विचारलं, मंगळवारी सभा लावू का, माइक सांगू का? नको म्हटलं. एक पानाचा कागद झेरॉक्स करून छाया सोडून बाकीच्या एक्कावन्न घरी, बाईच्याच हातात द्यायचा. वाचता येत नसेल तिनं ज्याच्यावर भरवसा आहे त्याच्याकडून वाचून घ्यावा. मजकूर उद्या इथे उतरवते.

१६ डिसेंबर, सोमवार

"बाई,

मार्चमध्ये मारुतीच्या मंडपात तुला आजार विचारला गेला तो चारचौघांत, मोठ्यानं. तसा विचारायला नको होता. विचारणारी मी होते. त्या दिवशी तू हात खाली ठेवलास, त्याबद्दल तुला मी कधीही काही म्हणणार नाही.

पण कागदावर तुझ्या नावापुढे 'नाही' लिहिलेलं आहे, आणि तो कागद तू आजारी पडशील त्या दिवशी उघडला जाईल. छायाचं असंच झालं. हे मी तिच्या परवानगीनं लिहिते आहे. कंपनीनं तिला नाही म्हटलं. सरकारी दवाखान्याच्या तारखेसाठी ती एकेक दिवस मोजते आहे.

खरं कळवलंस तर कंपनी हप्ता वाढवील. त्या आजारासाठी काही वर्षं थांबायला लावील. एखादीची पॉलिसी काढूनही घेईल. हे मी लपवत नाही. तरीही आज कळलेलं बरं, ऑपरेशनच्या खाटेवर कळण्यापेक्षा.

म्हणून एकच काम कर. पाकीट फोड. मागच्या पानांत तुझ्या अर्जाची प्रत आहे. दाराला कडी लावून अकरावा प्रश्न वाच. उत्तर खोटं असेल तर एका कागदावर पॉलिसीचा नंबर, आजार, कधीपासून आणि कोणती गोळी, एवढंच लिही, खाली नाव घाल. या शुक्रवारच्या आत चिखलीच्या पोस्टातून रजिस्टरनं कंपनीच्या पत्त्यावर पाठव. पत्ता पाकिटावर आहे. पावती जपून ठेव.

मला दाखवू नको. मला सांगू नको. कंपनीला लिही."